कुंभकोणम्‌ची एक उत्तरपत्रिका

१९०४-०५ च्या सुमारास कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयातील एक विद्यार्थी इंग्रजी रचनेत नापास झाला. त्यामुळे त्याला वरच्या वर्गात जाता आले नाही, आणि ज्या शिष्यवृत्तीच्या आधारावर त्याचे शिक्षण चालले होते तीही बंद पडली. हा विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन. म्हणूनच ही हकीकत टिकून राहिली. गणिताच्या इतिहासात ती व्यवस्थेच्या आंधळेपणाचा एक मासला म्हणून सांगितली जाते, ऐकणारे हळहळतात आणि पुढे जातात. परंतु ही हकीकत मुळात गणिताची नाहीच. शाळेने लेखन कशाला म्हणावे, आणि त्याचे गुण कशाच्या आधारे द्यावेत, या प्रश्नाची ती हकीकत आहे. त्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने तिच्यापाशी थोडे अधिक थांबायला हवे.

मराठी अभ्यासकाला तर तिथे थांबण्याचे आणखी एक कारण आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् तंजावरच्या मराठी राज्यातले गाव होते. व्यंकोजी राजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशात राजदरबाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे कारभारात मुरली. घरात मराठी, बाजारात तमिळ, पूजेत संस्कृत आणि दप्तरात मोडी असा त्यांचा भाषिक संसार होता. इंग्रजी राज्य आले तेव्हा याच कुटुंबांतील मुलांनी इंग्रजीही चटकन आत्मसात केली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम्‌लाच झाला. सयाजीराव गायकवाडांना राज्यकारभाराचे धडे देण्यासाठी त्यांनी दिलेली इंग्रजी व्याख्याने १८८१ ची आहेत. मराठी राजाला मराठी दिवाणाने इंग्रजीत शिकवावे, आणि तो दिवाण तमिळ देशातला असावा, ही त्या काळातली अगदी स्वाभाविक गोष्ट होती. इंग्रजी गद्य नेटके लिहिता येणे हे कारभारात शिरण्याचे दार आहे, हे या गावाला फार लवकर कळले होते.

तथापि लेखन शिकविण्याची परंपरा या प्रदेशात इंग्रजीबरोबर आलेली नाही. तमिळ गावांत घराच्या ओट्यावर भरणारी शाळा असे. ओट्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, आणि त्यावरूनच या शाळांना नाव पडले. मुले आधी वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आणि हात बसला म्हणजे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरू लागत. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीची ही सख्खी बहीणच. दोन्हीकडे पाठांतराचा भर होता, दोन्हीकडे छडी होती, आणि दोन्हीकडे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे असा प्रघात होता. मद्रासच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने वाळूवर लिहिणाऱ्या अशाच मुलांकडे पाहून आपली पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती विलायतेत गाजली. पुढे १८२० नंतर तिचेच एक रूप लँकेस्टरच्या नावाने मुंबई इलाख्यातील शाळांत दाखल झाले. पंतोजींना त्यांचीच रीत परदेशी शिक्का मारून परत मिळाली, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही.

या शाळांचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. त्या बहुतांशी वरच्या जातींच्या मुलग्यांसाठी होत्या आणि स्वतंत्र विचाराला त्यांत जागा नव्हती. परंतु एक गोष्ट त्यांत होती, आणि ती आज विसरली गेली आहे. तेथे शिकवले जाणारे लेखन कोणाला तरी उद्देशून असे. तिण्णै शाळेतील मुलगा हिशेब, दस्तऐवज आणि पत्रे लिहायला शिके. जुन्या ताडपत्रांच्या जुडग्यातून निरनिराळ्या हातांची पत्रे वाचायला शिके. मराठी बाजूला मोडी लिहिणाऱ्या कारकुनासाठी मेस्तके होती. हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक प्रसिद्धच आहे. वडिलांना कोणता मायना, बरोबरीच्याला कोणता, धन्याला कोणता, आशीर्वाद कोठे आणि साष्टांग नमस्कार कोठे, हे त्यात सांगितलेले असे. मायना चुकला तर पत्र चुकले. म्हणजे लेखनाचा पहिला धडा ‘वाचणारा कोण’ हा होता. ‘काय लिहायचे’ हा प्रश्न त्यानंतरचा. दुसरे असे की कचेरीत आधी खर्डा होई. तो वरिष्ठ पाही, खोडी, समासात शेरा मारी, आणि मग स्वच्छ प्रत निघे. मायना आणि खर्डा या दोन शब्दांत जुन्या लेखनशिक्षणाचे पुष्कळसे मर्म आहे. त्यांची आठवण ठेवून आता महाविद्यालयाकडे वळू.

कुंभकोणम्‌ची सरकारी शाळा १८५४ मध्ये सुरू झाली. वुडचा खलिता त्याच वर्षीचा, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी मद्रास, मुंबई व कलकत्ता या विश्वविद्यालयांची स्थापना झाली. १८६७ मध्ये शाळेचे महाविद्यालय झाले, आणि १८७७ मध्ये ते मद्रास विश्वविद्यालयाला जोडले गेले. या घडणीचे श्रेय केंब्रिजचे रँग्लर विल्यम आर्चर पोर्टर आणि त्यांचे सहकारी टी. गोपाळराव यांना दिले जाते. गोपाळराव तंजावरी मराठी. इंग्रजी आणि गणित शिकविण्यात त्यांचा लौकिक एवढा मोठा होता, की पुढे गावात त्यांच्या नावाने ग्रंथालय निघाले. महाविद्यालयाला ‘दक्षिणेतले केंब्रिज’ म्हणू लागले. हे बिरूद शाळा-महाविद्यालये स्वतःला फार सहज लावून घेतात. पण येथे त्याला एक निराळाच अर्थ आहे, तो पुढे येईल.

याच महाविद्यालयात १८८० मध्ये तमिळच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली आणि ती उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांना मिळाली. त्यांच्याजवळ विश्वविद्यालयाची कोणतीही पदवी नव्हती. गुरूच्या पायाशी बसून ते शिकलेले. त्यांची योग्यता पारखली ती त्यागराज चेट्टियार यांच्यासारख्या जाणत्यांनी, समोर बसवून, वाचायला, अर्थ सांगायला आणि रचना करायला लावून. ज्या माणसाने पुढे तमिळमधील लुप्तप्राय अभिजात ग्रंथ शोधून संपादित केले, ज्याची ‘जीवक चिंतामणी’ची आवृत्ती १८८७ मध्ये याच नोकरीत असताना निघाली, त्याला मॅट्रिकची अट लावली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. १९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. त्याच सुमारास रामानुजन मॅट्रिक झाला.

या तेवीस वर्षांत परीक्षेची पकड घट्ट झाली होती. मॅट्रिकची परीक्षा शाळांचा सगळा अभ्यासक्रम ओढून नेते, ही तक्रार १८८२ च्या हंटर आयोगासमोरही झाली होती. इंग्रजीच्या परीक्षेत उताऱ्याचे विवरण, भाषांतर, व्याकरण आणि रचना असे. रचना म्हणजे दिलेल्या विषयावर ठरावीक वेळात लिहायचे चार परिच्छेद. विषय नीतिपर किंवा वर्णनपर. वाचणारा परीक्षक, म्हणजे ज्याला त्या विषयाबद्दल काहीही जाणून घ्यायचे नाही असा वाचक. मायना गेला, खर्डाही गेला. उरला तो कित्ता, आणि तोही परभाषेतला. ही परीक्षा वाईट माणसांनी योजलेली नव्हती. हजारो उमेदवारांतून कारकून, वकील आणि शिक्षक निवडायचे तर सर्वांना एकच प्रश्न, एकच वेळ आणि अनोळखी परीक्षक, यांत एक प्रकारचा न्याय आहे. शिफारशीवर चालणाऱ्या समाजात हा न्याय थोडा नव्हता. त्याची किंमत मात्र लेखनाने मोजली.

अशा परीक्षेत उत्तम चमकलेला मुलगाही कुंभकोणम्‌नेच दिला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री जवळच्या वलंगैमान गावचे. कुंभकोणम्‌च्या नेटिव्ह हायस्कुलात आणि मग सरकारी महाविद्यालयात शिकून ते १८८८ मध्ये पदवीधर झाले, आणि पुढे त्यांच्या इंग्रजीची कीर्ती साम्राज्यभर झाली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते दुसरे अध्यक्ष, त्यामुळे पुण्याला त्यांचे नाव परके नाही. तेव्हा या शाळांना इंग्रजी शिकवता येत नव्हते, असे म्हणता येत नाही. ज्याच्या प्रकृतीला ते मानवले त्याला त्यांनी ते अतिशय चांगले शिकविले.

रामानुजनची प्रकृती वेगळी होती. तरीही प्राथमिक परीक्षेत, म्हणजे १८९७ मध्ये, तो जिल्ह्यात पहिला आला होता, आणि त्या परीक्षेत इंग्रजी व तमिळ हे विषय होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९०४ मध्ये टाऊन हायस्कुलातून बाहेर पडताना त्याला गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले. महाविद्यालयात त्याला सुब्रह्मण्यम् शिष्यवृत्ती मिळाली. ती साधारणपणे इंग्रजी आणि गणित या दोन विषयांतील प्रावीण्याबद्दल दिली जात असे. म्हणजे ज्या इंग्रजीमुळे ती मिळाली त्याच इंग्रजीमुळे वर्षभरात ती गेली. मधल्या काळात मुलाचे इंग्रजी बिघडले नव्हते. त्याच्या हाती एक पुस्तक आले होते.

ते पुस्तक म्हणजे जी. एस. कार याने केलेला शुद्ध गणिताचा सारसंग्रह. त्याचे भाग १८८० आणि १८८६ मध्ये निघाले. सुमारे ५,००० सूत्रे, एकाखाली एक, बहुतेक सिद्धतांशिवाय. आता या कारचा व्यवसाय पाहा: तो केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेची तयारी करून घेणारा खाजगी शिकवणीचा मास्तर होता. त्याचे पुस्तक म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर एक थोर गाइड होते. ‘दक्षिणेतले केंब्रिज’ या बिरुदाचा अर्थ येथे उलगडतो. रँग्लर प्राचार्यांनी घडवलेल्या महाविद्यालयात रँग्लर बनवण्याच्या शिकवणीतले एक पुस्तक एका मुलाच्या हाती पडले, आणि त्याने त्यातून गणितच नव्हे तर लिहिण्याची शैलीही उचलली. फक्त निष्कर्ष लिहायचे. तिथपर्यंतची वाट लिहायची नाही. कागद महाग, म्हणून सगळे काम पाटीवर व्हायचे आणि कोपराने पुसले जायचे. वहीत उतरायचे ते शेवटचे सूत्र. धूळपाटीवरचे लेखनही असेच पुसले जाई. फरक एवढाच, की धूळपाटीशेजारी पंतोजी बसलेला असे आणि पुसण्यापूर्वी त्याने ते पाहिलेले असे.

त्या परीक्षेत रामानुजनने काय लिहिले असेल यापेक्षा त्याच्या लेखनाला कोणता नियम लावला गेला, हे इथे महत्त्वाचे आहे. प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हायला हवे, एका विषयातले आधिक्य दुसऱ्यातली उणीव भरून काढणार नाही, असा तो नियम. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा महाविद्यालयातून आणि नंतर खाजगी रीतीने त्याने एफ. ए.ची परीक्षा दिली. १९०७ पर्यंत तो तीत उत्तीर्ण होऊ शकला नाही. १९०५ च्या ऑगस्टमध्ये तर तो घर सोडून विशाखापट्टणम्‌कडे निघून गेला होता आणि आईवडिलांना वर्तमानपत्रात मुलगा हरवल्याची सूचना द्यावी लागली होती. हार्डीने पुढे लिहिले की अकाली मृत्यूपेक्षाही ऐन उमेदीची पाच वर्षे दिशेवाचून जाणे ही रामानुजनची खरी शोकांतिका होय, आणि त्याचा दोष त्याने न वाकणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला दिला. हा दोष खोटा नाही. तथापि परीक्षकावर संतापण्यात फारसे हशील नाही. समोर आलेल्या कागदावरचे इंग्रजी कच्चे असेल तर त्याने ते पक्के आहे असे कसे म्हणावे? प्रश्न निराळा आहे: त्या कागदावर जे तपासले गेले त्याला लेखन म्हणता येईल काय?

याचे उत्तर रामानुजनच्याच पुढच्या आठ वर्षांत मिळते. १९१० च्या अखेरीस तो नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे आपल्या वह्या घेऊन गेला. रामचंद्र राव स्वतः गणिताचे जाणकार. त्या भेटीची त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत सर्वश्रुत आहे, पण ती रचनेच्या अध्यापकांनी वाचावी अशी माझी फार इच्छा आहे. पहिल्यांदा त्यांना काही उमगले नाही. तेव्हा रामानुजनने आपले सोपे निष्कर्ष आधी दाखवले, ऐकणाऱ्याची खात्री पटत गेली तसतसा तो पायरी पायरीने वर गेला, आणि अखेर स्वतःच्या सगळ्यांत नव्या भागापर्यंत आला. श्रोता ओळखावा, त्याला कळेल तेथून सुरुवात करावी, मांडणीचा क्रम त्याच्या समजुतीप्रमाणे लावावा: रचना या विषयाचे याहून वेगळे सार कोणते? इंग्रजी रचनेत नापास ठरलेला मुलगा ते करीत होता, कारण समोर खरोखरीचा माणूस होता.

१९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात बर्नूली संख्यांवरील त्याचा लेख आला. या संस्थेची स्थापना १९०७ ची. तिचे ग्रंथालय आरंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि तेथे प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ चे सीनियर रँग्लर. ट्रायपॉसने ज्याला शिखरावर बसवले तो मुरडीचा मुलगा आणि ट्रायपॉसच्या गाइडाने ज्याची परीक्षा बुडवली तो कुंभकोणम्‌चा मुलगा अशा रीतीने एकाच संस्थेच्या छत्राखाली येतात. असो. लेखाचे संपादक होते बंगलोरचे एम. टी. नारायण अय्यंगार. रामानुजनची मांडणी इतकी त्रोटक आणि अनोळखी होती, की सामान्य गणिती वाचकाला ती पेलणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी लेख परत पाठवला, तो दुरुस्त होऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. छापण्याजोगा होईपर्यंत अशा अनेक खेपा झाल्या. येथे खर्डा परत आला. महाविद्यालयाने जे एका बैठकीत मोजले आणि टाकून दिले, ते एका संपादकाने पोस्टाने, सवडीने, शिकवून घेतले. भारतीय लेखनशिक्षणाच्या इतिहासात नारायण अय्यंगारांचे नाव कुठेही येत नाही. ते यायला हवे.

फेब्रुवारी १९१२ मध्ये रामानुजनने मद्रास पोर्ट ट्रस्टकडे नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज केला. आपण मॅट्रिक असून एफ. ए.पर्यंत शिकलो आहोत, हे त्यात सांगितले. नोकरी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्याने हार्डीला पत्र लिहिले. आपण कारकून आहोत, पगार एवढा, विश्वविद्यालयाचे शिक्षण झालेले नाही, आणि आपली वाट आपणच काढली आहे, असा परिचय करून देऊन ते पत्र प्रमेयांकडे वळते. हे पत्र तयार करताना वरिष्ठांची मदत झाली असणे अगदी शक्य आहे. काही जण हा मुद्दा पत्राचे श्रेय कमी करण्यासाठी पुढे करतात. मला तो उलट वाटतो. कोणाला तरी दाखवून, विचारून, सुधारून लिहिणे हीच जगातली लेखनाची सर्वसामान्य रीत आहे. ती निषिद्ध असते केवळ परीक्षेच्या मांडवात. हार्डी स्वतः १८९८ चा चौथा रँग्लर, आणि ट्रायपॉसच्या क्रमवारीचा कडवा विरोधक. ही क्रमवारी १९०९ नंतर बंद झाली. परीक्षेवर विश्वास नसलेला वाचक रामानुजनला मिळाला, हा योगायोग म्हणावा की काय, कोण जाणे. केंब्रिजने त्याला १९१६ मध्ये संशोधनावर पदवी दिली. इंग्रजी रचनेचा पेपर न घेता.

ज्या काळात हे घडत होते त्याच काळात परीक्षकांचीही परीक्षा घेतली जाऊ लागली होती. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ पासून या विषयावर लिहिले. एकच लॅटिन गद्यरचना २८ जाणत्या परीक्षकांनी तपासली तेव्हा गुण ४५ पासून १०० पर्यंत पसरले, हे त्याने दाखवले. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ मध्ये एका विद्यार्थ्याची इंग्रजीची उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण ५० ते ९८. फिलिप हार्टोग आणि ऱ्होड्‌स यांनी १९३५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. इतिहासाच्या त्याच १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांना वर्षाहून अधिक काळाने पुन्हा दिल्या; २१० निकालांपैकी ९२ निकाल बदलले. परीक्षक इतरांशी सहमत नसतो ही गोष्ट समजण्यासारखी आहे. तो स्वतःशीही सहमत नसतो, हे या प्रयोगाने दाखवले.

या हार्टोगचे नाव भारतीय वाचकाने एका वेगळ्या संदर्भात ऐकलेले असते. कलकत्ता विश्वविद्यालय आयोगाचा तो सदस्य, १९२९ च्या शिक्षणविषयक समितीचा अध्यक्ष. इंग्रजांनी भारतातील देशी शाळांचा सुंदर वृक्ष मुळासकट उपटला, असे गांधीजी १९३१ मध्ये लंडनला म्हणाले, तेव्हा आकडे मागत त्यांच्या पाठीस लागला तोही हाच. मन्रोच्या काळातील मद्रास इलाख्याच्या पाहणीवरही त्याने वाद घातला. तिण्णै शाळांच्या संख्येवर शंका घेणाऱ्या याच माणसाने १९०७ मध्ये इंग्रजी लेखनावर एक पुस्तक लिहिले होते. शाळेत मुलांना कोणासाठी आणि कशासाठी लिहायचे हे न सांगता निबंध लिहायला लावतात, म्हणून त्यांचे लेखन निर्जीव होते, हे त्याचे प्रतिपादन. तिण्णै शाळांत नेमके हेच नव्हते, ही गोष्ट संख्यांच्या भांडणात त्याच्या लक्षात आली नसावी. गांधीजींच्या बाजूच्या पुष्कळांच्याही ती लक्षात आली नाही. शाळा किती होत्या यावर ग्रंथ झाले. त्यांत लिहायला कसे शिकवीत, यावर फारच थोडे लिहिले गेले.

महाराष्ट्राकडे वळले तर ‘निबंध’ हा शब्दच आपल्याकडे किती उंचावरून खाली आला हे दिसते. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. दिवसा ते मेजर कँडीच्या देखरेखीखाली घडलेल्या क्रमिक पुस्तकांचे मराठी शिकवीत आणि रात्री ज्या मराठीत वाचकाशी भांडता येते, त्याला डिवचता येते, हसवता येते, ती मराठी लिहीत. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. मालेतला निबंध आणि वर्गातला निबंध यांत तेव्हापासूनच दरी होती. ती पुढे रुंदावत गेली. विश्वविद्यालयाने वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी ते परत आणण्यासाठी अखेरपर्यंत खटपट केली. १९०२ च्या विश्वविद्यालय आयोगाने देशी भाषांतील रचना सक्तीची करण्याची शिफारस केली. म्हणजे ज्या काळात रामानुजन इंग्रजी रचनेत बुडत होता त्याच काळात आपल्या भाषेतील रचना आवश्यक आहे, हे सरकारला पटू लागले होते. पण आली तीही इंग्रजी रचनेचेच सोंग घेऊन. पावसाळ्यातील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, मी मुख्यमंत्री झालो तर: या विषयांनी तीन पिढ्या पोसल्या. ज्याने शालान्त परीक्षेच्या मराठीचे गठ्ठे तपासले आहेत त्याला माहीत असते, की एकाच केंद्राच्या तीस उत्तरपत्रिकांत एकच फाटके पुस्तक एकाच रद्दीवाल्याकडे त्याच शब्दांत रडत असते. नियामकाच्या सूचना प्रस्तावना, मध्य, समारोप आणि शुद्धलेखन यांच्या असतात. विद्यार्थी कोणाशी बोलतो आहे, या रकान्याला गुण नसतात.

अलीकडच्या काळात या जडपणावर उपाय झाले नाहीत असे नाही. २०१८ मध्ये दहावीचे नवे कुमारभारती आले, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आणि निबंधाबरोबर ‘उपयोजित लेखन’ असा भाग आला: पत्र, जाहिरात, बातमी, सारांश. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण काढून घेतले गेले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. वर्तमानपत्रांत चर्चा टक्क्यांची झाली. हे २० गुण ज्यांच्या हाती होते ते शिक्षक विद्यार्थ्याला वर्षभर ओळखणारे होते, त्याचा खर्डा पाहू शकणारे होते. त्यांनी त्या संधीचे काय केले, यावर मात्र चर्चा झाली नाही.

उपयोजित लेखनात पत्र आले, म्हणजे मायना परत आला, असे वाटावे. मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र. ‘प्रति, माननीय व्यवस्थापक’ असा आरंभ. डावीकडे विषय, खाली आपला विश्वासू. नमुने पाठ करून ही पत्रे सुबक उतरतात. परंतु परीक्षकाला उमेदवाराची ओळख पटता कामा नये, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून पत्राखाली नाव लिहायच्या जागी मुले वर्षानुवर्षे ‘अ. ब. क.’ असे लिहीत आली आहेत.